टेबलाखालचे निखारे

लोणावळे, पौष वद्य पंचमी, गुरुवार

धोतराचा काठ जळला आहे. घरी अजून दाखवलेला नाही.

मालधक्क्याच्या ऑफिसात सकाळी बोटं इतकी आखडतात की टाक धरवत नाही. म्हणून आमचा कुरवंड्याचा हमाल कोंडिबा घाटाच्या इंजिनातले निखारे घमेल्यात आणून माझ्या टेबलाखाली सरकवतो. रेल्वेचा कोळसा असा जाळला तर नोकरी जाते, हे दोघांनाही ठाऊक आहे.

आज तो दारातूनच म्हणाला, "भाऊसाहेब, उठू नगा. इनिसपेक्टर आल्यात."

इन्स्पेक्टर समोरच येऊन बसला. घमेलं दिसू नये म्हणून मी हललो नाही. काठ जळल्याचा वास मला येत होता, मग त्याला आला नसेल? बोलता बोलता त्याने बूट काढले आणि पाय टेबलाखाली लांब केले. बराच वेळ तसाच बसला.

जाताना म्हणाला, "उद्या मोठ्या साहेबांना घेऊन येतो. त्यांनाही थंडी फार वाजते."

ही थट्टा होती, की धमकी?

कोंडिबाने विचारलं, "मंग उद्या आनू का नको?"

आण म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे. काठाचा वास अजून नाकातून जात नाही.