बोटीवरचं माझं नाव

डहाणू, रविवार संध्याकाळ

टेनिस सोडून इतकी वर्षं झाली, तरी आगरच्या रमेश तांडेलने नव्या मासेमारी बोटीवर माझं नाव रंगवून घेतलं. माझ्या सगळ्या मॅचेस टीव्हीवर बघितलेला माणूस. ‘नारळ तुमच्याच हाताने फुटायला पाहिजे, ताई. काय सर्व्हिस होती तुमची!’

खांद्याचं सांगायला हवं होतं का? ऑपरेशननंतर उजवा हात कानाच्या वर जात नाही. पण अख्खं गाव किनाऱ्यावर जमलेलं, सगळ्यांचे मोबाईल माझ्याकडे. मला ते आवडलं, खोटं कशाला लिहू?

नारळ बोटीच्या टोकावर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला, तर हातातून सुटून वाळूत घरंगळला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रमेशच्या आईने तो उचलला, धुतला आणि एका फटक्यात फोडला. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

हा मेला खांदा! ह्याच्याच जिवावर लोक मला ओळखायला लागले.

आत्ता रमेशचा फोन आला. ‘वाईट वाटून घेऊ नका, ताई. मी नाही मानत असलं काही. पण खलाशी बोटीवर चढायला तयार नाहीत.’

‘मग रे?’

‘पेंटर आलाय. तुमचं नाव पुसून झालं की निघतील.’