झुलती पाटी

१० जानेवारी

चि. पेंटरबुवांस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

डॉक्टरांनी आजाराला लांबलचक नाव दिलंय. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग झिजत जातो म्हणे. फार विरळा, पण रक्तातून उतरणारा. चालताना जमीन होडीसारखी वाटते, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी छानही वाटतं. पण काल दुधवाल्याने विचारलं, सकाळी सकाळीच घेतलीत का? मी हसले आणि घरी येऊन बाबांसाठी रडले. तेही असेच झुलत यायचे, आणि आपण दोघं लाजेनं खिडकी लावून घ्यायचो. त्यांनी थेंबही घेतला नव्हता रे.

बसथांब्यावर एक पाटी लाव. मजकूर माझ्या हातचा, सोबत आहे:
झुलत चालणाऱ्याला प्यायलेला समजू नका.
आजार असू शकतो.
हात द्या.

तुझ्या मायेच्या आधारावर उभी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाटी लावली. अक्षरं अशी रेखीव काढली की कोपऱ्यावरच्या शिंप्याला ती बँकेची वाटली. आठ दिवस समोर बसून पाहिलं, कुणी थांबत नाही. तू औषधं घेतेस की कुंडीत टाकतेस?

माया पातळ करू नकोस,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. शहाण्यास,
आशीर्वाद, आणि एक धपाटा.

माझी अक्षरं सरळ केलीस? ती वाकडी होती तशीच हवी होती. परवा दुपारी डोळा लागला तेव्हा बाबा दिसले. सगळा रस्ताच त्यांच्याबरोबर झुलत होता, झाडं, खांब, माणसंसुद्धा, म्हणून त्यांना कुणीच हसत नव्हतं. पुन्हा रंगव.

रागावले तरी तुझीच,
ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रंगवली. आता लोक थांबतात. एका बाईंनी दोनदा वाचली आणि नवऱ्यासाठी तुझ्या डॉक्टरांचा पत्ता मागितला.

आता दुसरं. वरच्या दोन ओळी तुझ्या कागदाचा छाप घेऊन काढल्या. शेवटची घाईत, छापाशिवाय. हुबेहूब तुझ्यासारखी उतरली आणि मी खूश झालो. मग शिंप्याच्या दुकानाची पाटी करायला घेतली, तीही तशीच उतरली. तीनदा पुसली. सरळ येईना.

घाबरलोय, ताई. बायकोला सांगितलंय. सोमवारी सकाळी तुझ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. बाबा एकटेच चालले. मला एकट्याला जमायचं नाही. थांब्यावर पाटीखाली उभा असेन.

लोभ आहेच. हात दे.
धाकटा