आप्पांनी वर बघितलं

आई, आज मी चार माणसांसमोर बोलले. घरी पावणे आले की न्हाणीत जाऊन बसणारी मी.

तू जाऊन आठ वर्षं झाली, तुला कायच ठाऊक न्हाय. नववीत शाळा सोडली म्या. बाई उभं करून वाचायला लावायच्या अन् माझा आवाजच फुटायचा न्हाय. आता उमरग्यात एका कापड दुकानदाराच्या घरी असते, आप्पांना सांभाळायला. आप्पा म्हंजे दुकानाचे मालक. डोक्यात मागं रक्ताची गाठ झाली, तवापास्नं हातपाय सोड, जीभसुद्धा हलंना. नाकातनं नळी हाय. तिच्यातनं ज्वारीची पेज गाळून देते, दर दोन तासाला कूस बदलते, डोळ्यांत थेंब घालते. घरात सगळे म्हणायचे, त्यांना आता काय समजत न्हाय.

तुझ्या दवाखान्यातला तो दिवस आठवतो का? तू तिथं मावशी, अन् मी सुट्टीची तुझ्यासंगं आलेली. तू चादरी बदलतीयास, अन् मदत म्हणून मी एका म्हातारीच्या अंगावरची चादर सर्रकन ओढते. तू माझं मनगट धरतीस. "गाठोडं हाय का ती? आधी इचार, मग हात लाव." सगळ्या वार्डासमोर बोललीस म्हणून म्या दोन दिवस अबोला धरला. पण सवय लागली ती लागलीच. आप्पांनाबी इचारत राहते, आप्पा, कूस बदलू का, आप्पा, तोंड पुसू का. त्यांच्या बायको, काकू म्हणते मी त्यांना, हसायच्या. भिंतीशी बोलतीस का गं, म्हणायच्या. अन् एक दिवस म्या इचारलं, ओठ ओले करू का, तर आप्पांनी वर बघितलं. परत इचारलं, परत वर. मग म्या मुद्दाम इचारलं, आप्पा, मी म्हैस हाय का? तर डोळे सरळ खाली.

आई, त्यांना सगळं समजत होतं. पण चार दिवस कुणाला सांगितलं न्हाय. माझं कोण ऐकणार?

आज सकाळी दादा, आप्पांचा पोरगा, त्यांच्या खाटेजवळच उभं राहून सोलापूरच्या कुठल्या आश्रमाला फोन लावत होता. सोमवारी गाडी पाठवा, म्हणला. नळी बदलायला डॉक्टर आलेले, काकूबी तिथंच. अन् आप्पांच्या डोळ्यांतनं पाणी. तवा माझ्या तोंडातनं निघालंच, "दादा, त्यांना इचारा की आधी."

"कुणाला? डोळे तर बाहुलीचेबी हलतात."

डॉक्टर मात्र वाकले. दोन-चार प्रश्न इचारले, अन् हळूच खुर्ची ओढून बसले. म्हणले, असा आजार असतो, सगळं अंग बंद पडतं पण आतला माणूस पुरा जागा असतो, ऐकतो, समजतो. आमच्या ध्यानात यायला पायजे होतं. मग माझ्याकडं वळले. तू बोल त्यांच्याशी, म्हणले, तुझी सवय हाय त्यांना.

मी अक्षरांच्या ओळी म्हणायला लागले, ज्याला डोळे वर जातील ते अक्षर धरायचं. आवाज फुटला गं माझा. क ची ओळ? च ची? ट ची? अशी करत करत य च्या ओळीला डोळे वर. य, र, ल. वर. दादा लगेच म्हणला, लातूर, लातूरला न्या म्हणतायत. डोळे खाली. काकू त्याच्यावर खेकसल्या, "गप रे, लहानपणापास्नं मधीच बोलतोस." काना? न्हाय. वेलांटी? वर. परत पहिल्यापास्नं, क, ख, ग. वर. लिग? हे काय, दादा म्हणला. पण काकूंचं तोंड पांढरं पडलं. आप्पा लिंगायत. गळ्यातलं लिंग जन्मात कधी उतरवलं न्हाय त्यांनी, रोज तळहातावर घेऊन पूजा करायचे. एमआरआय काढताना ते उतरवलं अन् घरी आणून देवघरात ठेवलं. परत कुणी बांधलंच न्हाय. त्यांना कुठं कळतंय, म्हणून.

काकू अंघोळ करून लिंग घेऊन आल्या. डाव्या तळहातावर ठेवायचं, पण बोटं मिटंनात, हात घसरायला लागला. दुसऱ्याच्या लिंगाला आपण शिवत नसतो, एवढं मला ठाऊक. म्या इचारलं, "आप्पा, खालनं नुसता हात धरू का?"

वर. लई वेळ वर.

म्या हात धरला. काकूंनी कपाळाला विभूती लावली. दादा फोन घेऊन बाहेर गेला, गाडी नको म्हणला, अन् येऊन बापाच्या उशाला बसला. मलाच इचारतोय, ट च्या नंतर कुठली ओळ गं?

त ची, म्हणलं. फटकन सांगितलं. पण आई, मलाबी ती परवापर्यंत येत नव्हती, मधल्या ओळी पार विसरले होते. त्या चार दिवसांत पहिलीच्या पोरांची अंकलिपी आणली म्या अन् चोरून पाठ केली. वह्या-पुस्तकांच्या दुकानात सांगितलं, धाकट्या भावाला पायजे.

हा कागद कुठं पाठवायचा न्हाय, म्हणून हे खरं लिहिते. मला भाऊ न्हाय, हे तुझ्याबिगर कुणाला ठाऊक हाय.