करडईच्या चादरीचं पान

नाना,

तुमच्या कारखान्याची वेबसाइट तपासून सुधारून द्यायचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. वेबसाइट म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत फोनसुद्धा किराणा दुकानातच होता. एक दुकान आहे असं समजा, पण त्याला जागा नाही. लोक आपापल्या घरी बसून हातातल्या फोनवर ते उघडतात, चादरी बघतात, पसंत पडली तर तिथंच पैसे भरतात आणि माल पार्सलनं घरपोच येतो. असल्या दुकानात गिऱ्हाईक कुठं अडतं, कशाला कंटाळून परत फिरतं, हे शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पुण्यात मी हेच करते. आपण घरात तेलुगूच बोलायचो, तुमच्याशी मराठीत एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. पण लिहायला मला मराठीच येतं, आणि तेलुगू अक्षरं तर तुम्हालाही वाचता यायची नाहीत. तेव्हा हे असंच.

कामासाठी फोन आला तो कारखान्याच्या धाकट्या मालकांचा. तुम्ही पाहिलेत ते हाफ पँटमध्ये कारखान्याच्या आवारात सायकल फिरवणारे, त्यांचे आता केस पांढरे झालेत. मी कुणाची मुलगी हे त्यांना ठाऊक नव्हतं, लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं. मीही लगेच सांगितलं नाही. आधी काम बघू म्हटलं. पुण्याच्या घरी टेबलाशी बसून ती वेबसाइट उघडली, तर ती उघडेपर्यंत चहा गार झाला. पहिल्याच पानावर थोरल्या मालकांचा हार घातलेला फोटो, त्याखाली कुठल्याशा उद्घाटनाचा, त्याखाली सरकत जाणारी लाल अक्षरं. चादर शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागत होतं. सापडली तर तिचं नाव म्हणजे कारखान्यातला नंबर, बाहेरच्या माणसाला त्यातून काय कळणार? आणि फोटो सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या चादरींचे, वर ट्यूबलाइटची चमक. कुठल्याच चादरीची नक्षी धड दिसत नव्हती. तरी एका फोटोपाशी मी थांबले. पिशवीच्या चमकेखालून एक काठ दिसत होता, बारीक काटेरी पानांचा. नाना, घडीत आणि पिशवीत असली तरी ती मला ओळखू आली. तुमची करडई होती.

ती नक्षी तुम्ही काढलीत तेव्हा मी चौथीत असेन. आपण कुणाच्या तरी लग्नाला मोहोळला चाललो होतो. एसटीच्या खिडकीतून करडईचं रान दिसलं, सगळं पिवळं-केशरी, आणि तुम्ही पुढच्या माणसाच्या खांद्यावरून मान वळवून वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलात. मग पुढचे कित्येक दिवस तुम्ही घरी कमीच बोललात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी डबा घेऊन कारखान्यात यायची. खाली मागांचा खडखडाट, इतका की पायांना जमीन थरथरलेली कळायची, आणि लोखंडी जिना चढून आलं की तुमची ती खोली. तुम्ही चौकटीच्या कागदावर वाकलेले आहात. एकेक चौकोन पेन्सिलीनं भरताय. मी आल्याचं कळलंय, पण वर बघत नाही. डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून मी उभी राहते. "हे पान आहे का काटा?" मी विचारते. "दोन्ही," तुम्ही म्हणता. अम्मा घरी म्हणाली होती, काटेरी झाडाची चादर कोण अंगावर घेईल? तुम्ही तिला सांगितलंत, फुलाला काटा नसतो.

चादर निघाली आणि चालली. आठवडे बाजाराच्या दिवशी कारखान्याच्या दुकानात बायका तीच मागायच्या. एकदा मी तिथं होते. एका बाईनं ती चादर काउंटरवर पसरून बघितली आणि म्हणाली, काय सुरेख फूल आहे. मी पुढं होऊन तिला सांगितलं, माझ्या नानांनी काढलंय ते. थोरले मालक गल्ल्यावर बसले होते, ते हसले. पण तुम्ही मला हाताला धरून बाहेर आणलंत आणि म्हणालात, "चादरीवर नाव मालकाचं असतं. पुन्हा असं बोलायचं नाही." आवाज चढवला नव्हतात, तरी मला रडू आलं. तुम्हाला ते मनापासून पटलेलं होतं की मालकांसमोर तसं बोलावं लागलं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुम्ही धाप लागून खाटेवर पडून राहायला लागलात, तेव्हा विचारायचं होतं. पण बोलताना तुम्हाला खोकल्याची उबळ यायची आणि अम्मा आम्हाला बोलू द्यायची नाही.

तर मी सोलापूरला आले. धाकट्या मालकांना सगळं दाखवलं, कुठं लोक अडतात, पार्सलचा खर्च अगदी शेवटी दिसल्यावर कसे निघून जातात. त्यांनी ऐकून घेतलं. "वडिलांचा फोटो काढायचा म्हणता?" एवढंच दोनदा विचारलं. मी म्हटलं, काढायचा नाही, कारखान्याची माहिती असते त्या पानावर ठेवू. मग मी कोण ते सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले. "डिझाइनवाल्या मामांच्या तुम्ही?" म्हणाले. "मला कागदाची विमानं करून द्यायचे ते. नक्षीच्या कागदाची." ही विमानं मला माहीत नव्हती, नाना. आमच्यासाठी तुम्ही कधी केली नाहीत.

फोटो नव्यानं काढायचे ठरले. माग दुरुस्त करणारे चाचा अजून कामावर होते, पाठीत वाकलेले, पण तेच. मला बघून त्यांनी हात फडक्याला पुसले आणि एक माझ्या डोक्यावर ठेवला. सकाळच्या उन्हात कारखान्याच्या गच्चीवर आम्ही एकेक चादर पूर्ण उघडून दोरीवर टाकली. करडईची आली तेव्हा चाचा म्हणाले, "ही तुज्या अब्बाची. नीट काढ बेटी, सावली पडती हाय." त्यांनी एक टोक धरून ताणलं, मी फोटो काढला. ती चादर अशी अख्खी, उन्हात, मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मधे फुलं, कडेला ती पानं, आणि कोपऱ्यात पानं वळताना तुम्ही एक कळी घातलीय, अजून न उमललेली. घडीत ती कुणाला दिसणार?

प्रत्येक चादरीला नंबराऐवजी नाव दिलं. करडईच्या पानावर मी एक ओळ जास्त लिहिली, नक्षी कुणाची ती. मग धाकट्या मालकांना दाखवली. त्यांनी वाचली. "घाला की," म्हणाले. "त्यात काय विचारायचं?" त्यांच्या दृष्टीनं ते एवढं सोपं होतं. त्याच संध्याकाळी अम्माकडे गेले आणि फोनवर ते पान उघडून तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. मी नाव कुठं आहे ते दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं, तसं नाव सरकून वर गेलं आणि दिसेनासं झालं. ती घाबरली. "पुसलं का मी?" मी परत खाली आणून दाखवलं. मग तिनं बोट लावलं नाही, फोन दोन्ही हातांत धरून बघत राहिली. चूल आता नाही, गॅस आहे, त्यावर दूध उतू गेलं तरी ती उठली नाही.

काम चांगलं झालं, नाना. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. वेबसाइट पटकन उघडायला लागली, लोक थांबायला लागले, रोज पार्सलं बाहेर पडायला लागली. पॅकिंगला बायका कमी पडू लागल्या. धाकट्या मालकांनी हुरूप येऊन बाहेरगावची मऊ, हलकी, छापील पांघरुणंही विकायला ठेवली. नवीन दुकानात माल भरपूर दिसावा, हा सल्ला माझाच होता. मग काही महिन्यांनी मी बसून तपासलं, लोक काय बघतात आणि काय घेतात. सोलापूरचं नाव वाचून लोक येत होते. चादरींचे फोटो मोठे करून करून बघत होते. करडईचं पान तर सगळ्यांत जास्त उघडलं जात होतं. आणि घेताना ते हलकं पांघरूण घेत होते. ज्यांनी चादर नेली त्यांतल्या काहींनी लिहून कळवलं होतं, सुंदर आहे, पण जड आहे, मशिनमध्ये मावत नाही, फ्लॅटमध्ये वाळत नाही. एकीनं करडईची परत पाठवली. त्याचं कारण म्हणून तिनं एकच शब्द लिहिला होता. जड.

जे दिसलं ते मी अहवालात लिहिलं. तेच तर माझं काम. धाकट्या मालकांनी तो दोनदा वाचला असावा, कारण मी गेले तेव्हा त्यांना ओळी पाठ होत्या. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय न्हवं?" म्हणाले. मी हो म्हटलं. "मग माग कशासाठी चालवू ते तुम्हीच सांगा. सुटे भाग मिळत नाहीत. विणकरांची पोरं हितं यायला तयार नाहीत. माल गोदामात पडतो, आणि बाहेरचं पांघरूण आल्या आल्या जातं." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. खरंच विचारत होते, जणू मी उत्तर देईन म्हणून. फोटो आणखी चांगले काढू, चादर धुवायची कशी ते लिहू, असं काहीतरी मी बोलले. ते मान हलवत राहिले. खिडकीबाहेर माग चालू होते. पण पूर्वीसारखे नाही, मधूनमधून एखादाच. आवाजात मोकळ्या जागा होत्या.

माग बंद झाले ते थंडी संपता संपता. कुणी भांडलं नाही, घोषणा झाल्या नाहीत. मी कामाच्या निमित्तानं गेले होते, तर खालच्या शेडमध्ये चाचा एका मागाला तेल घालत होते. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "भंगारवाला यायचाय. गंजलेला कसा देऊ?" मग तेलाची बुधली खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चाचा, माझ्या अहवालानं झालं हे. मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "व्हय, त्यानं बी झालं. अन् बाकीच्यानं बी." जावयाचं टायरचं दुकान आहे, तिथं बसणार म्हणाले. जाताना गोदामातून त्यांनी एक करडईची चादर आणून माझ्या हातात ठेवली. शेवटचीच राहिली होती म्हणे.

जी चादर आता होणारच नाही तिचं पान वेबसाइटवर ठेवता येत नाही. गिऱ्हाईक चिडतं. हा नियमही मीच त्यांना घालून दिलेला. धाकटे मालक म्हणाले, तुम्हाला नको वाटत असेल तर ऑफिसातली मुलगी करेल. मी म्हटलं, मी करते. त्यांच्याच ऑफिसात बसून, भर दुपारी, एकेक पान काढत गेले. तुमचं मधेच आलं. कायमचं काढायचं का, असं ते यंत्र प्रत्येक वेळी विचारतं, तसं याही वेळी विचारलं. मी हो केलं. मग पुढचं काढलं. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. अम्माला त्याच दिवशी सांगितलं. ती भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "काही महिने तरी होतं की." त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही.

माझ्या कामाबद्दल कुणी मला दोष देत नाही, आणि द्यावा असं मलाही पूर्ण वाटत नाही. नसतं लिहिलं तरी माग फार तर आणखी एखादं वर्ष रखडले असते. हे सगळं मला कळतं. तरी पुण्यात कुणाची वेबसाइट तपासायला घेतली की पहिलं पान उघडण्याआधी हात जरा थांबतो. इथं कुणाचे नाना असतील, असं मनात येतं. मग मी काम करते, नीट करते.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहूनच टाकते. चाचांनी दिलेली ती चादर मी पुण्याला आणली. हौसेनं पलंगावर घातली, कोपऱ्यातली कळी वर येईल अशी. पांघरूनही बघितली. लागोपाठ काही दिवस बघितली, नाना. झोप लागेना. छातीवर भार वाटायचा, कूस वळता यायची नाही. आता ती घडी करून कपाटात आहे, आणि मी रोज त्या हलक्या, छापील पांघरुणातच झोपते. झोप चांगली लागते.