रुपयात दहा छर्रे

परभणी, रविवार, १४ फेब्रुवारी १९९३, संध्याकाळ

उरुसातून आम्ही दोघं आत्ताच आलो. अंग गळून गेलंय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

व्हिडिओ गेमच्या तंबूत यांनी दोन रुपये भरले. पडद्यावरची विमानं पाडायची होती. दोन मिनिटांत खेळ खलास. "मशीनच लबाड हाय," म्हणून हे हसले. शेजारी फुगे फोडायची बंदूक, रुपयात दहा छर्रे. मीच म्हटलं, हे स्वस्त आणि जास्त वेळ चालेल. फुगे पाच पावलांवर, तरी दहाच्या दहा वाया. आता मशीनच्या माथी कसं मारणार?

बंदूकवाली म्हातारी म्हणाली, "भाऊ, डावा डोळा कशाला झाकायलाव? उजवा झाकून बघा." तिनं एक छर्रा फुकट दिला. फुगा फुटला आणि यांचा चेहरा उतरला.

उजवा डोळा. मला कसं कळलं नाही?

वाटेत विचारलं. "दिवाळीपासून उजव्या डोळ्यानं धुकं दिसायलंय. सांगितलं तर जीप बंद होईल." रोज जिंतूरला दहा माणसं नेतात हे! आणि मी डबा देऊन निवांत शाळेत शिकवायला जात होते.

मी म्हटलं, "माझा पगार हाय. उद्या गाडी काढायची न्हाई, दवाखान्यात जायचं."

घरी आल्यावर हे बसून पाणी प्याले. मग उठून चपला घातल्या. उद्याच्या लोकांना दुसरी गाडी बघा म्हणून सांगायला गेलेत. कारण काय सांगणार, असं मी निघताना विचारलं.

"खरं तेच," म्हणाले.