परकराचा काठ

पनवेल, मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी १९५८

नातीच्या, तारीच्या, परकराचा काठ एका बाजूने वर चढतो म्हणून मी करीमभाई शिंप्याला दोनदा झापलं. माप मात्र जुन्या परकराचंच देत होतो. तिसऱ्यांदा त्याने तारीलाच समोर उभं केलं. "काका, कापड सरळ हाय. पोरीची पाठ बघा."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. उशीर तर झाला नाही ना?

आज मुंबईच्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला ओणवं करून पाहिलं. "बाक थोडाच आहे. वाढीच्या वयातच आणलीत, बरं केलंत. दर सहा महिन्यांनी दाखवा."

मी पुन्हा पुन्हा विचारलं. तारी हसली, "आजा, किती वेळा इचारशील?"

येताना करीमभाईला पेढे दिले. काठाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "आता जुना परकर नको, काका. पोरीलाच आणा."