दोनदा दाबायचा ब्रेक

प्रिय ठकू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजाचा ठोका चुकला असेल, म्हणून आधीच सांगतो, आई बरी आहे. मीही बरा आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता ओळी सरळ दिसतात, लिहिताना मात्र अजून उतरणीला लागतात. तू वसतिगृहात होतीस तेव्हा मी तुला शेवटचं पत्र लिहिलं. हल्ली तुझं आईशी तासभर बोलणं होतं आणि शेवटी फोन माझ्या हातात येतो. ‘तब्येत कशी बाबा?’ ‘बरी आहे, तुझी?’ की संपलं. मी तक्रार करत नाही. करायचा मला अधिकार नाही, आणि का नाही तेच पुढे लिहायचं आहे. पण आधी बातम्या लिहितो, कारण त्याशिवाय माझा हात चालायचा नाही.

पहिली बातमी म्हणजे गाडी विकली. हो, तीच. गेल्या महिन्यात एक सुतारकाम करणारा गृहस्थ आला, बॉनेटवरून हात फिरवत बराच वेळ उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. तू दुसरीत होतीस तेव्हा ती मी एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या शेडमधून आणली होती. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. पहिले सहा रविवार ती नुसती खोकायची. सातव्या रविवारी सुरू झाली तेव्हा तू अंगणात उड्या मारल्यास आणि आई दारात येऊन म्हणाली, ‘झालं, आता ही घरात राहणार आणि मी शेडमध्ये.’ त्या दिवसापासून ती तिला सवत म्हणायला लागली. घरातल्या पंख्याला वर्षानुवर्षं तेल नाही आणि सवतीला दर महिन्याला ग्रीस, हे तिचं ठरलेलं वाक्य. पण त्याच सवतीसाठी तिने मशीनवर बसून जाड कापडाचं कव्हर शिवलं, आरशांना वेगळे कान काढून. आयुष्यभर लोकांच्या अंगाची मापं घेतलेली बाई, तिला ढगळ काही चालायचं नाही.

माझं वेड तुला ठाऊक आहे. मला गाडी नुसती चालायला नको होती, अस्सल हवी होती. स्क्रूसुद्धा त्या काळचा, त्या कारखान्याचा. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि एखादी नवी नळी दिसली तरी च्‌ च्‌ करायचे. माझ्या गाडीत त्यांना कधी काही सापडलं नाही. शाळेत मी भौतिकशास्त्राचा साधा मास्तर, तिथे मात्र लोक मला खुर्ची द्यायचे. माणूस किती लहान गोष्टीवर फुगतो बघ.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या अपघातानंतरही ती गाडी मी ठेवली. पत्रा सरळ केला, रंग दिला, दर रविवारी इंजिन चालू करत राहिलो. तुला वाटलं असेल, या माणसाला बायकोच्या पाठीपेक्षा पत्रा प्यारा. शेजारीपाजारी म्हणालेही तसं. पण कारण वेगळंच होतं. तिला भंगारात काढायची म्हणजे दुसऱ्या माणसाने ती खोलायची, आणि खोलली की त्याला दिसणार, ही भीती होती. पुढे तो खराब भाग बदलून झाल्यावरही कुणाला शेडचं दार उघडून द्यायची भीती राहिलीच.

आता दुसरी बातमी. दोन महिन्यांपूर्वी आई हातशिलाई करता करता, मान वर न करता म्हणाली, ‘मला घर हलवायचंय.’ मला वाटलं, दुसरं एखादं घर बघायचं म्हणतेय. ‘घर बदलायचं नाही,’ ती म्हणाली, ‘हलतं घर घ्यायचं. नऊ वर्षं याच तीन खोल्या बघतेय, भिंतीवरचे पोपडे पाठ झालेत.’ मग तिने कुठूनशी माहितीपत्रकं मागवली. आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या व्हॅनचे फोटो होते त्यात, आणि तिने फोटोंवर पेन्सिलीने काट मारायला सुरुवातही केली होती.

आम्ही तीन व्हॅन बघितल्या. सोबत मिस्त्रीला घेतलं. त्याचेही केस पार पांढरे झालेत, गॅरेज आता पुतण्या बघतो, पण मला तो अजून ‘सर’ म्हणतो आणि इंजिनाला अजून कान लावून ऐकतो. पहिली व्हॅन राजवाडा होती, आत न्हाणीघरसुद्धा. विकणारा तासभर तिची थोरवी गात होता. आईने गळ्यातला टेप काढला, पायरी मोजली, दाराची रुंदी मोजली आणि म्हणाली, ‘हे न्हाणीघर मी बाहेरूनच बघायचं का?’ चाकाची खुर्ची आत वळायलाच जागा नव्हती. दुसरीचं छप्पर वर उचलायचं आणि बिछाना त्या माळ्यावर. तो विकणारा तरुण आईला पलंगाचं वर्णन करून सांगू लागला, तर तिने त्यालाच वर चढून झोपून दाखवायला लावलं. तो निमूट झोपला. ‘छान झोपलायस,’ म्हणाली, ‘आता मला वर कसं आणायचं ते सांग.’ बिचारा लाजून खाली आला.

तिसरी साधी माल वाहणारी व्हॅन होती, आतून मोकळी. बाजूला सरकतं दार, खाली घडीचा उतार, जमिनीला खुर्चीची चाकं अडकवायचे हुक. बिछाना खुर्चीच्या बरोबर उंचीला, म्हणजे हातांवर जोर देऊन तिला स्वतःला सरकता येईल. तिने टेप लावला. अर्ध्या बोटाचाही फरक नाही. दोनदा सरकून बघितलं, मग पलंगावर बसून खिडकीतून बाहेर बघत राहिली. दुपारची वेळ होती, समोर नुसती रिकामी गोदामं होती, पण तिचा चेहरा असा झाला होता, जणू खिडकीबाहेर कुठलीतरी नदी वाहतेय. ‘हीच,’ म्हणाली. ‘आणि पहिल्यांदा ही ठकू चालवणार.’ मी म्हटलं, ‘ती स्टिअरिंगला हात लावत नाही, ठाऊक आहे ना?’ ती म्हणाली, ‘म्हणून तर.’

तेवढ्यात मिस्त्री व्हॅनखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, ‘गाडी सोन्यासारखी आहे, ब्रेकचं काम तेवढं करून घ्यायला लागेल. आणि सर, या वेळी मी सांगेन ते ऐकायचं हं.’

तो सहज बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला वाटत असावं की मी घरात केव्हाच सांगितलं असेल. आईने खिडकीवरून नजर काढली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. ‘मागच्या वेळी काय सांगितलं होतं त्याने?’

ठकू, मला थाप मारता आली असती. इतकी वर्षं मारतच होतो, एक आणखी काही जड नव्हती. पण ती त्या पलंगावर बसली होती, पाय आपल्याच हातांनी उचलून ठेवलेले, आणि मला ते जमलं नाही. मी तिथेच सांगितलं. आता तुला सांगतो.

अपघाताच्या तीन आठवडे आधी मिस्त्रीने मला सांगितलं होतं की ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेलाय. आतलं रबर झिजलंय, ब्रेक धरून ठेवला की पायाखाली खचत जातो. त्याच्याकडे नवा सिलिंडर होता, दुसऱ्या बनावटीचा. तासाभराचं काम. मी नको म्हटलं. मी अस्सल सुटा भाग परदेशातून मागवला होता, तो यायला दीड महिना होता आणि मधल्या काळात मेळावा होता. मिस्त्री म्हणाला, ‘सर, मग तोवर चावी खुंटीवरच राहू दे.’ मी हो म्हटलं. आणि त्या रविवारी मावशीकडे जायला तू गाडी मागितलीस. नोकरीचं पत्र आलं होतं, तू खुशीत होतीस, आईने नवी साडी नेसली होती. मला नाही म्हणता आलं नाही, कारण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि आईने त्याच दिवशी मला तो नवा सिलिंडर बसवायला लावला असता. म्हणून मी तुझ्या हातावर चावी ठेवली आणि हसत म्हणालो, ‘म्हातारी जरा लाडावलीय, ब्रेक दोनदा दाबायचा.’ जशी काही जुन्या गाडीची खोड.

उतारावर तू तो दोनदा दाबला होतास की नाही हे विचारायला मी कोण? दोनदा दाबूनही तो धरलाच असता असं नाही. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं की बंद नळीत द्रवाचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. नळी बंद असेल तर! आतून गळत असेल तर पायात कितीही जोर असला तरी चाकापर्यंत काही पोहोचत नाही. अपघातानंतर तो धडा मी कधी शिकवला नाही, दुसऱ्या मास्तरांना द्यायचो आणि घसा बसल्याचं सांगायचो.

चौकशीला आलेल्या माणसाने मला विचारलं, ‘ब्रेक ठीक होते?’ मी म्हटलं, ‘हो.’ रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. त्याने लिहिलं की चालकाने ब्रेक दाबलाच नाही. उभ्या ट्रकवर गाडी गेली ती चालक गोंधळल्यामुळे. मग सगळ्यांनी तेच धरलं. खूण का नव्हती हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. आणि दवाखान्याच्या जिन्यावर तू माझा हात धरून म्हणालीस, ‘बाबा, मी दाबला होता हो, मला वाटतंय मी दाबला होता,’ तेव्हा मी काय म्हणालो? ‘मी तुला सांगितलं होतं ना, दोनदा दाबायचा म्हणून.’ तुझा हात माझ्या हातातून सुटला तो मला अजून जाणवतो. बाकी सगळं माझ्या हट्टाने झालं, चुकीने झालं, असं मी स्वतःला समजावू शकलो. ते वाक्य मात्र मी पूर्ण शुद्धीवर बोललो. त्या क्षणी दोघांपैकी कुणीतरी अपराधी ठरणार होतं आणि मी तुला पुढे केलं. बापाने.

व्हॅनमध्ये हे ऐकून आई एवढंच बोलली. ‘तिचा गुडघा ताठ झाला होता,’ म्हणाली. ‘उभी राहिली होती ती ब्रेकवर. मी बघितलं होतं. मी शुद्धीवर आल्यावर तुम्हाला सांगितलंही, तुम्ही म्हणालात, डोक्याला मार लागलाय, तुला आठवत नसेल. आणि मीही तेच खरं धरलं.’ हेही मी केलं होतं आणि पार विसरून गेलो होतो. मिस्त्री डोळ्यांना रुमाल लावून दूर जाऊन उभा राहिला.

घरी आल्यावर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रडली नाही, भांडली नाही. माझ्या हातचं पाणीदेखील घेतलं नाही. अंघोळीला, कपड्यांना शेजारच्या परिचारिका काकूंना हाक मारायची. मी स्वयंपाक करून झाकून ठेवायचो, ती जेवायची, ताट स्वतः धुवायची. नऊ वर्षांत मी तिची सेवा केली म्हणून लोक माझं कौतुक करायचे, आणि मीही मान खाली घालून ते ऐकून घ्यायचो. त्या चार दिवसांत मला कळलं की ती सेवा मी कुणाची करत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी तिने मला बोलावलं. ‘माझ्या पाठीचं काय करायचं ते मी बघीन,’ म्हणाली. ‘तुम्हाला माफ करायचं की नाही, तेही माझं मी सावकाश ठरवीन. पण पोरीच्या डोक्यावरचं आधी उतरवा. लिहा तिला. फोन करू नका. फोनवर तुम्ही रडाल आणि ती तुम्हालाच समजावत बसेल, मी ओळखते दोघांनाही.’ म्हणून हे पत्र, ठकू. तू मला समजावू नकोस. लगेच उत्तरही देऊ नकोस. पुढच्या महिन्यात व्हॅन तयार होईल. तुझ्या दारापर्यंत मिस्त्री आणेल आणि आई येईल, तिथून पुढे मात्र तूच चालवायचीस, हे तिचं ठरलंय. मी येणार नाही, तू बोलावल्याशिवाय त्यात बसायचं नाही हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. ती आली की तुला तिच्या तोंडून सगळं पुन्हा ऐकता येईल, पण ती येईपर्यंतसुद्धा तू थांबू नयेस म्हणून माझ्या हाताने, माझ्या सहीनिशी लिहून देतो, हवं त्याला दाखव: तू ब्रेक दाबला होतास. वेळेवर दाबला होतास. गाडीत ब्रेक नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं.

तुझाच, अजून तसं म्हणू देणार असशील तर,
बाबा